बेचिराग गावाचं चर्च : व्हॅरम पर्सीचं प्रकरण

आपल्या महसुली दप्तरात एक जुना शब्द आहे : बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, पण ज्याचं नाव, शीव आणि जमीन कागदावर अजून आहे, ते बेचिराग गाव. बोलता बोलता आपण त्याचं ‘बेचिराख’ केलं आणि अर्थही राखेकडे सरकला. गाव बेचिराख झालं म्हटलं की स्वारी, जाळपोळ, एका रात्रीत झालेला नाश डोळ्यांपुढे येतो. मूळ शब्दात आग नाही. दिवे लागायचे थांबले, एवढंच त्यात आहे.

व्हॅरम पर्सी या इंग्लंडमधल्या छोट्या गावाबद्दल वाचायला लागलो तेव्हा हा शब्द डोक्यातून जाईना. उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशायर परगण्यात, मॉल्टन या बाजाराच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर हे गाव होतं. ते ओस पडलं साधारण इ. स. १५०० च्या सुमारास. पण त्याचं चर्च त्यानंतर जवळजवळ साडेचारशे वर्षं चालू राहिलं. माणसं नसलेल्या जागी घंटा वाजत होती, लग्नं लागत होती, मढी पुरली जात होती. हे कसं झालं आणि गाव उठलं ते कुणामुळे, या दोन प्रश्नांभोवती हे सगळं प्रकरण फिरतं.

लोकांच्या तोंडी याचं उत्तर ठरलेलं असतं : प्लेग. इंग्लंडमधलं कुठलंही ओसाड गाव दाखवा, चौदाव्या शतकातल्या महामारीवर त्याचा आळ येतोच. व्हॅरमबाबत तो आळ टिकत नाही.

गवताखालची वस्ती

यॉर्कशायर वोल्ड्स म्हणजे खडूच्या पांढऱ्या दगडाच्या बुटक्या, गोलसर टेकड्या. माती पातळ, पाणी लगेच मुरतं, त्यामुळे बहुतेक दऱ्या कोरड्या. व्हॅरमच्या दरीत मात्र झरे आहेत आणि त्यांचा ओहोळ बारमाही वाहतो. त्याच्या काठाला चर्च, चर्चच्या खालच्या अंगाला बंधारा घालून केलेलं तळं. तिथे आधी पाणचक्की होती, नंतर तळ्यात मासे पाळत. पश्चिमेकडचा चढ चढून गेलं की सपाटी लागते आणि तिथे गाव होतं.

आज तिथे नुसतं गवत आहे. पण ऊन तिरपं झालं की गवताखालचे उंचवटे सावल्या टाकतात आणि गावठाणाचा नकाशा उघडा पडतो. घरांच्या दोन लांब ओळी, मधून खोलगट गेलेली गाडीवाट, प्रत्येक घराचा आयताकृती चौथरा, त्याच्यामागे बांधाने आखलेलं लांबट परडं, उत्तरेच्या टोकाला जमीनदाराच्या वाड्याचे ढिगारे. गावाबाहेर शेतांचे सरी-वरंबे. आपल्याकडे जिला पांढरी आणि काळी म्हणतात, ती दोन्ही तिथे एकाच हिरव्या गवताखाली निजली आहेत.

ही घरं कशीही वाढत गेलेली नाहीत. परड्यांची रुंदी आणि ओळींची सरळ रेघ पाहिली की कुणीतरी दोरी धरून आखणी केली होती हे कळतं. ही आखणी साधारण दहाव्या ते बाराव्या शतकाच्या दरम्यानची. तिच्याही खाली रोमन काळातल्या आणि त्याआधीच्या लोहयुगातल्या बांधांच्या रेषा सापडल्या आणि मध्ययुगातली काही परडी त्याच जुन्या बांधांवर बेतलेली निघाली. म्हणजे गाव मेलं १५०० च्या आसपास, पण त्या जमिनीवर माणसाचा वावर दीड हजार वर्षांहून जास्त होता.

नावातला ‘पर्सी’ हा जमीनदार घराण्याचा. सुरुवातीला इथे दोन घराणी होती, पर्सी आणि चेंबरलेन. तेराव्या शतकाच्या मध्याला चेंबरलेनांची जमीन पर्सींकडे आली आणि दक्षिणेकडचा वाडा निरुपयोगी झाला. पुढे त्या वाड्याच्या जागेवर कुळांची घरं उभी राहिली. खोदणाऱ्यांना शेतकऱ्याच्या घराखाली बाराव्या शतकातल्या वाड्याचं घडीव दगडांचं तळघर लागलं तेव्हा ते चकितच झाले असणार.

चाळीस उन्हाळे

१९४८ च्या उन्हाळ्यात मॉरिस बेरेसफर्ड हे लीड्स विद्यापीठातले अर्थेतिहासकार पायी फिरत या दरीत आले. जुने नकाशे आणि करपट्ट्या वाचून त्यांना एक ध्यास लागला होता : कागदावर असलेली आणि जमिनीवर नसलेली गावं शोधायची. त्या वेळी इंग्लंडमधले बरेच इतिहासकार म्हणत होते की अशी उठलेली गावं असतील थोडीफार, त्यांना फार महत्त्व नाही. आज अशा गावांची मोजणी ३,००० च्या आसपास आहे.

१९५० मध्ये बेरेसफर्ड यांनी विद्यार्थ्यांना घेऊन इथे पहिलं खोदकाम केलं. ते पुरातत्त्वज्ञ नव्हते. भिंतीचा दगड लागला की भिंतीच्या कडेकडेने खणत जायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. १९५२ मध्ये जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले. हर्स्ट सरकारच्या प्राचीन वास्तू खात्यात होते आणि मध्ययुगीन खापरांचे जाणकार होते. एकाला कागद वाचता येत होता, दुसऱ्याला माती. या जोडीने १९९० पर्यंत, दर वर्षी जुलैचे तीनेक आठवडे, चाळीस हंगाम हे गाव खणलं.

हर्स्ट यांनी पद्धत बदलली. चर मारून भिंती शोधायचं थांबवून त्यांनी डेन्मार्कमधल्या नमुन्यावर घराचं अख्खं आवार एकदम उघडायचं ठरवलं. वरचा थर सगळीकडून सारखा काढायचा, दिसेल ते नोंदवायचं, मगच खाली जायचं. किल्ले आणि मठ खणणाऱ्या त्या काळात शेतकऱ्याच्या घरासाठी इतका वेळ देणं अनेकांना वेडेपणा वाटला असेल. मला ही या प्रकरणातली फार मोलाची गोष्ट वाटते. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हसमुख सांकलिया आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव असंच आडवं उघडलं आणि ताम्रपाषाणयुगातला शेतकरी आपल्याला पहिल्यांदा त्याच्या घरादारासह भेटला. काळ आणि देश अगदी वेगळे, पण राजाच्या आधी कुळाचं घर पाहायचं ही ओढ तीच.

या चाळीस वर्षांत चुकाही झाल्या आणि त्यांतली एक सांगायलाच हवी. एकेका घराच्या जागी भिंतींचे पाये एकावर एक, जरा तिरके, पुन्हा पुन्हा बांधलेले दिसत. काही ठिकाणी अशी आठ-नऊ वेळची फेरबांधणी मोजली गेली. त्यावरून निष्कर्ष निघाला की गरीब कुळांची घरं इतकी लेचीपेची होती की दर पिढीला नवीन बांधावी लागत. हा निष्कर्ष शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचला. १९८० च्या दशकात स्टुअर्ट रॅथमेल या पुरातत्त्वज्ञांनी तीच मोजमापं पुन्हा पाहिली आणि वेगळीच गोष्ट दाखवली. घराचा भार भिंतीवर नव्हताच. झाडाचा वाकडा बुंधा उभा चिरून केलेल्या लाकडांच्या जोड्या समोरासमोर उभ्या करून त्यांवर छप्पर तोललेलं होतं. खडूच्या दगडाची भिंत फक्त आडोसा. ती ढासळली की काढून पुन्हा रचायची, घर मात्र तेच. देशावरच्या माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. तिथेही भार खांब-तुळयांवर असतो. म्हणजे हे कुशल सुताराने बांधलेलं, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं घर होतं. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गोठा, एकाच छपराखाली. गरिबाचं घर म्हणजे झोपडं, हा आधीच मनात असलेला समज मातीवर लादला गेला होता.

प्लेगवर घेतलेला आळ

आता कागद काय म्हणतात ते पाहू.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला गाव आधीच अडचणीत होतं. १३१५ ते १३१७ या वर्षांत अतिवृष्टीने पिकं बुडून उत्तर युरोपभर मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर स्कॉटिश फौजांच्या स्वाऱ्या थेट यॉर्कशायरपर्यंत येऊ लागल्या. १३२३ च्या चौकशीत व्हॅरमची जवळजवळ दोनतृतीयांश जमीन पडीक आणि दोन्ही पाणचक्क्या मोडकळीला आल्याची नोंद आहे. हे प्लेगच्या पाव शतक आधीचं. त्या वर्षीच कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हे गाव आता संपलं.

ते संपलं नाही. १३४८-४९ मध्ये महामारी आली. इथेही माणसं मेली, यात शंका नाही. पण १३६८ च्या कागदात सुमारे तीस घरं नांदती दिसतात. लोकांनी पुन्हा नांगर धरला होता. प्लेगने गाव उठवलं असतं तर वीस वर्षांनी तीस चुली पेटल्या नसत्या.

मग घसरण सुरू झाली ती सावकाश. १४०० नंतर लगेचच पर्सींनी जमिनीची अदलाबदल केली आणि व्हॅरम हिल्टन घराण्याकडे गेलं. हिल्टन हे डरहॅम परगण्यातले सरदार, त्यांची गढी दूर वेअर नदीच्या काठी. पर्सी निदान गावात वाडा राखून होते. हिल्टनांच्या दृष्टीने व्हॅरम म्हणजे हिशेबाच्या वहीतली एक ओळ. १४५८ मध्ये घरं उरली सोळा.

त्या वहीतला हिशेब काय होता हे समजायला फार अर्थशास्त्र लागत नाही. प्लेगनंतर देशभर माणसं कमी झाली, म्हणून मजुरी चढली. खाणारी तोंडं कमी, म्हणून धान्याचा भाव पडला. लोकरीला मात्र मागणी होती. नांगराच्या शेतीला बैलांची आवतं, नांगरे, पेरणारे, कापणारे, मळणारे असं अख्खं गाव लागतं. त्याच रानात मेंढरं सोडली की एक मेंढपाळ आणि एक कुत्रं पुरतं. वोल्ड्सच्या पातळ मातीत तर गवतच जास्त खुशीने येतं. जमीनदाराला कुळं नको झाली ती इथे. प्लेगचा हात यात आहे, पण तो दीडशे वर्षं दूर उभा आहे. बाजाराने वारं फिरवलं आणि शेवटचा धक्का मालकाने दिला.

हे नुसतं अनुमान नाही. गावं मोडू नयेत म्हणून सातव्या हेन्रीच्या काळात, १४८९ मध्ये, कायदा झाला होता. तो कुणी फारसा पाळत नाही हे दिसल्यावर १५१७ मध्ये आठव्या हेन्रीचे मंत्री कार्डिनल वुल्सी यांनी देशभर चौकशी लावली : १४८८ नंतर कुणी किती घरं पाडली, किती नांगर बंद केले? व्हॅरमच्या नोंदीत हिल्टनच्या नावावर चार नांगर बंद आणि चार घरं मोडल्याचं लिहिलं आहे. गावातली शेवटची बिऱ्हाडं ती हीच, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

बेरेसफर्ड यांचं खरं कौशल्य या नोंदीच्या तारखेत होतं. त्यांनी दाखवून दिलं की चौकशीने १४८८ ही रेघ मारली, म्हणून त्याआधी उठवलेली घरं तिच्यात येतच नाहीत. इंग्लंडमध्ये गावं मोडली ती मुख्यतः १४५० पासून पुढच्या काही दशकांत, म्हणजे त्यांतली बरीचशी चौकशीच्या नजरेबाहेर. इतिहासकार वुल्सींच्या कागदात डोकावत, थोडी प्रकरणं पाहत आणि म्हणत, प्रश्न लहान होता. तो लहान नव्हता. कागद उशिरा सुरू झाला होता. सोळा घरांतली बाकीची बारा कशी गेली याची कैफियत कुणी लिहून घेतली नाही. ती कदाचित उठवली, कदाचित वारस नसलेली पडू दिली. त्या चार बिऱ्हाडांची नावंसुद्धा नोंदीत नाहीत. नांगर मोजले, माणसं मोजली नाहीत, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

चर्चची भिंत वाचताना

व्हॅरमचं चर्च संत मार्टिनच्या नावाचं. १९६२ ते १९७४ या काळात ते आतून, बाहेरून आणि जमिनीखालून खणलं गेलं. इंग्लंडमधल्या गावकी चर्चचा इतका सगळा पाया तोवर क्वचितच कुणी उघडून पाहिला होता.

तळाशी एका लहानशा लाकडी देवळाच्या खांबांचे खड्डे मिळाले, दहाव्या शतकाच्या आसपासचे. अकराव्या शतकात त्या जागी दगडी चर्च उभं राहिलं. फक्त दोन खोल्या : लोकांना उभं राहायला एक आणि वेदीसाठी एक. बाराव्या शतकात ते मोठं झालं. त्याच शतकाच्या अखेरीला दक्षिणेची भिंत फोडून तिथे कमानी काढल्या आणि बाहेर एक पडवी जोडली. तेराव्या शतकाच्या तोंडाला उत्तरेलाही तशीच पडवी आली. चौदाव्या शतकात ईशान्येला एक उपप्रार्थनाघर. पश्चिमेला मनोरा. माणसं वाढली की घराला पडवी काढावी, तसं हे चर्च वाढत गेलं.

मग ते आक्रसत गेलं. पडव्या एकामागून एक पाडल्या आणि ज्या कमानींतून लोक पडवीत जात त्या दगडांनी चिणून बंद केल्या. पाडलेल्या भागातल्या खिडक्यांच्या चौकटी चिणलेल्या कमानीत पुन्हा बसवल्या. सतराव्या शतकात वेदीकडचा भागही तोडून आखूड केला. इंग्लंडमध्ये रीत अशी की मुख्य दालनाची डागडुजी लोकांनी करायची आणि वेदीकडच्या भागाची, चर्चचं उत्पन्न खाणाऱ्याने. दोन्हीकडचा पैसा आटला की छप्पर गळण्यापेक्षा छप्परच लहान केलेलं बरं, हा व्यवहार झाला. बाहेरच्या भिंतीत त्या चिणलेल्या कमानींची वर्तुळाकार रेघ आजही दिसते. कपड्याची शिवण उसवून पुन्हा घातलेली दिसावी, तशी.

हा पुरावा इतका देखणा आहे की त्याचा मोह पडतो. गाव वाढलं तसं चर्च वाढलं, गाव घटलं तसं चर्च घटलं, भिंत म्हणजे जणू शिरगणती. अनेक ठिकाणी व्हॅरमची गोष्ट अशीच सांगतात. मला ती अर्धीच खरी वाटते आणि या प्रकरणाची गाठ नेमकी तिथे आहे.

गोम आहे ‘पॅरिश’ या शब्दात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हक्कात येणारा मुलूख. तिथल्या लोकांनी धान्याचा दहावा हिस्सा त्या चर्चला द्यायचा, बाप्तिस्मा-लग्न-मूठमाती त्याच चर्चात. संत मार्टिनच्या पॅरिशमध्ये एकट्या व्हॅरमचा समावेश नव्हता. रेस्थॉर्प, बर्डेल, टाउथॉर्प आणि थिक्सनडेल अशी आणखी चार गावं त्यात होती. तीस घरांच्या एका खेड्याने दोन पडव्यांचं चर्च बांधलं नव्हतं. ते पाच गावांनी बांधलं होतं. आणि ते आक्रसलं तेही पाच गावांच्या नशिबाने. रेस्थॉर्प, बर्डेल आणि टाउथॉर्पही पुढे व्हॅरमसारखीच उठली. एकट्या थिक्सनडेलमध्ये दिवे लागत राहिले.

चर्च साडेचारशे वर्षं का टिकलं, याचंही उत्तर यातच आहे. हिल्टन आपली घरं पाडू शकत होता. पॅरिशचं चर्च मात्र त्याच्या मालकीचं नव्हतं. तिथे थिक्सनडेलच्या लोकांचे आजे-पणजे पुरलेले होते आणि त्यांना स्वतःलाही तिथेच पुरायचं होतं. जमिनीचा हक्क कागद करून फिरवता येतो, स्मशानाचा तसा सहज फिरवता येत नाही. म्हणून कुरणाच्या मधोमध चर्च, त्याच्याजवळ पाद्र्याचं घर आणि भोवताली मेंढरं, असं ते चित्र कितीतरी पिढ्या राहिलं. अठराव्या शतकात जवळच एक सुधारित पद्धतीचं शेतघर बांधलं गेलं. आज तिथे जी एकुलती जुनी घरं उभी आहेत ती त्याच शेतघराचे अवशेष. उत्खननाच्या काळात खोदणाऱ्यांचा मुक्काम तिथेच असे.

६८७ माणसं

चर्चच्या आत आणि आवारात ६८७ सांगाडे मिळाले, दहाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंतचे, बहुतेक मध्ययुगातले. एका ग्रामीण पॅरिशमधल्या सामान्य माणसांचा इतका मोठा आणि काळजीने अभ्यासलेला संग्रह दुर्मीळ आहे. सायमन मेज या हाडांच्या अभ्यासकांनी त्यावर अनेक वर्षं काम केलं. नांगर मोजणाऱ्या कागदात जी माणसं हरवली होती, ती इथे हाडांतून बोलली.

मुलांची गोष्ट मनाला लागते. तान्ह्या मुलांची वाढ पहिल्या वर्षात आजच्या मुलांइतकीच चांगली दिसते. हाडांतल्या नायट्रोजनच्या हलक्या-जड अणूंच्या (समस्थानिकांच्या) प्रमाणावरून कळतं की आया साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. दूध सुटलं की वाढ मागे पडू लागे. चौदा वर्षांच्या मुलाची उंची आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढी. मोठेपणी मात्र ही माणसं फारशी बुटकी नाहीत. वाढ जास्त वर्षं, सावकाश चालू राहत असे. आईच्या दुधापर्यंत सगळं ठीक, पुढे ताटात काय पडतं तिथे गरिबी सुरू, हे वाचून आपल्याकडच्या कुपोषणाच्या तक्त्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

नऊ सांगाड्यांत क्षयाच्या खुणा होत्या. गुरं आणि माणसं एका छपराखाली, तेव्हा क्षय गुरांकडूनच आला असणार, असं वाटलं होतं. जनुकीय तपासणीत तो माणसाकडून माणसाला होणारा क्षय निघाला. आणखी एक : प्रौढांमध्ये पुरुषांपेक्षा बायका बऱ्याच कमी. त्या कुठे गेल्या? मेज यांचा अंदाज असा की तरुण मुली तीसेक किलोमीटरवरच्या यॉर्क शहरात घरकामाला आणि धंद्यांत मजुरीला जात आणि तिथेच राहत. म्हणजे गाव जमीनदाराने उठवायच्या कितीतरी आधी शहर त्यातल्या लेकी ओढून नेत होतं.

अकराव्या शतकातला एक चाळिशीचा पुरुष. डोक्यावर बोथट हत्याराचा जबर घाव. कुणीतरी कातडी उलटून, कवटीचा भाग खरवडून काढून मेंदूवरचा दाब कमी केला होता. हाडाच्या कडा भरून आलेल्या आहेत, म्हणजे तो त्यातून वाचला आणि पुढे बरीच वर्षं जगला. ही शस्त्रक्रिया करणारा गावातला होता की फिरस्ता, ते हाड सांगत नाही. पण अशा उपचारांची पुस्तकं राजेरजवाड्यांसाठीच होती, या समजुतीला त्या कवटीने तडा दिला.

आणि एक अस्वस्थ करणारा खड्डा. तो स्मशानात नव्हता, घरांच्या भागात होता. १९६० च्या दशकात तिथे १३७ मानवी हाडं सापडली होती, निदान दहा जणांची, लहान मुलापासून पन्नाशी ओलांडलेल्यापर्यंत. अकराव्या ते चौदाव्या शतकातली. त्यांवर सुरीच्या खुणा होत्या, काही मोडलेली, काही जळलेली. २०१७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुष्काळात माणसाने माणूस खाल्ला असेल का, हा विचार अभ्यासकांनी केला. पण मांस काढताना सुरी जिथे लागते तिथे या खुणा नाहीत, त्या डोकं आणि मानेजवळ दाटलेल्या आहेत. परके लोक होते का? लहानपणीच्या अन्नपाण्यातून दातांत उतरलेल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याने ती माणसं त्याच भागात वाढल्याचं दाखवलं. मग सगळ्यांत जुळणारा खुलासा राहिला तो असा की काही मेलेले उठून गावात फिरतात अशी भीती होती आणि त्यांचं येणं थांबवायला प्रेतांची डोकी तोडून ती जाळली गेली. यॉर्कशायरमध्येच बाराव्या शतकात लिहिणाऱ्या न्यूबर्गच्या विल्यमने अशा हकिकती गंभीरपणे नोंदवल्या आहेत. पाद्री, प्रार्थना, पवित्र जमीन हे सगळं हाकेच्या अंतरावर असताना गावाने हे घरांमध्ये केलं. चर्च गावाच्या जगण्याचा कणा होतं खरं, पण रात्रीची सगळी भीती त्याला झाकता येत नव्हती.

वाट मोडली तेव्हा

एकोणिसाव्या शतकापर्यंत थिक्सनडेलचे लोक डोंगर चढून-उतरून चार-पाच किलोमीटर चालत व्हॅरमच्या चर्चला येत. हिवाळ्यात या टेकड्यांवर बर्फ साचतं. १८७० मध्ये सर टॅटन साइक्स या जमीनदाराने जॉर्ज एडमंड स्ट्रीट या नामांकित वास्तुकाराकडून थिक्सनडेलमध्येच चर्च बांधून घेतलं. हेतू चांगला होता आणि चालणाऱ्यांना सुख झालं. पण संत मार्टिनला त्या वाटेनेच जिवंत ठेवलं होतं आणि वाट मोडली. साडेतीन शतकांपूर्वी एका जमीनदाराच्या स्वार्थाने गाव संपलं होतं. चर्चची सावली ओसरली ती दुसऱ्या जमीनदाराच्या औदार्याने.

१९४९ मध्ये शेवटची उपासना झाली. बेरेसफर्ड या दरीत येऊन गेल्याला तेव्हा एकच वर्ष झालं होतं. पुढे छत गेलं आणि १९५९ च्या हिवाळ्यात वादळात मनोऱ्याची पश्चिमेकडची बाजू कोसळली. उरलेला अर्धा मनोरा, बिनछपराचं दालन आणि तळं आता जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखभालीखाली आहे. गाड्या लावायच्या जागेपासून एकेक किलोमीटर चालत जावं लागतं. गवत खुरटं ठेवायला अजूनही जनावरं चरतात. गेल्या पाचशे वर्षांत तिथे फारसा नांगर फिरला नाही, म्हणून घरांचे चौथरे इतके शाबूत राहिले. ज्या मेंढरांसाठी माणसं घालवली, त्यांच्याच चरण्याने त्या माणसांच्या उंबऱ्यांच्या जागा आपल्यापर्यंत पोहोचल्या.

चर्चच्या दक्षिण बाजूला उभं राहिलं की चिणलेल्या कमानी समोर दिसतात. त्यांच्यापुढच्या हिरवळीवर दोनशेहून जास्त वर्षं एक पडवी होती. तिच्यात पाच गावांचे लोक उभे राहत : व्हॅरमचे, रेस्थॉर्पचे, बर्डेलचे, टाउथॉर्पचे आणि थिक्सनडेलचे.